हत्याराची पूजा आणि हाताचा विटाळ : जुन्या गाडीच्या आवाजाचे निदान

खंडेनवमीला महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये डोकावून पाहा. पाने, पक्कड, जॅक, हातोड्या, हवेचा कॉम्प्रेसर, सगळे धुऊनपुसून मांडलेले असते. त्यावर हळदकुंकू आणि झेंडू. दुसऱ्या दिवशी गाड्यांना हार पडतात आणि चाकाखाली लिंबू चिरडले जाते. ज्या देशात वर्षातून एकदा हत्याराची पूजा होते, त्याच देशात वर्षाचे बाकीचे दिवस हत्यार धरणाऱ्या हाताचा विटाळ मानला गेला. पाना पूज्य आणि पाना फिरवणारा अस्पृश्य, हा उफराटा न्याय ज्या व्यवस्थेला पटतो तिला यंत्र कधी कळले नाही आणि माणूसही कळला नाही.

नेमक्या त्याच दिवशी आम्ही नागपूरला असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी लाखोंना धम्म दिला. ती आठवण ठेवून आम्ही दरवर्षी पुस्तकांची पेटी घेऊन दीक्षाभूमीवर जातो. पुस्तके जातात एका जुन्या ओम्नी व्हॅनमधून. या लेखाचा विषय ती व्हॅन आहे. नीट सांगायचे तर जुन्या गाडीच्या इंजिनातून येणारे विचित्र आवाज कसे ओळखायचे आणि कसे घालवायचे, हा विषय आहे. काही मित्र म्हणतील, "चळवळीच्या लेखात हे मेकॅनिकी कुठून आली?" शेवटपर्यंत वाचा, मग बोलू.

गाडी मंडळाची आहे, म्हणजे वस्तीची आहे. कुणी पन्नास दिले, कुणी पाचशे, धुणीभांडी करणाऱ्या मावश्यांनी दर महिन्याला वीस-वीस दिले, त्यातून ती सेकंडहँड घेतली. पंधरा वर्षे कधीच उलटली, पासिंग पुन्हा करून घेतले. भीमजयंतीला तिच्यावर स्पीकर चढतो, ६ डिसेंबरच्या आधी तिच्यातून पुस्तके दादरला जातात, रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर तीच निघते. तिच्यावर खर्च होणारा प्रत्येक रुपया वर्गणीचा असतो. म्हणून गाडीतून आवाज येऊ लागला की आमच्यापुढे हिशेबाचाही प्रश्न उभा राहतो.

गेल्या वर्षी नागपूरला निघायला दहा-बारा दिवस उरले असताना इंजिनातून खटखट सुरू झाली. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असते, त्यामुळे आवाज थेट बसणाऱ्याच्या अंगात शिरतो. रेस दिली की खटखट वाढायची, सोडली की कमी व्हायची.

तीन ठिकाणी दाखवले, तीन निकाल मिळाले. पहिल्या गॅरेजवाल्याने सीटही न उचलता सांगितले, "इंजिन कामाला आलंय. हाफ इंजिन करावं लागेल. पस्तीस हजार धरा." दुसरा म्हणाला, "भाऊ, भंगारात घाला, आता हिच्यात काही राहिलं नाही." तिसरे आमच्याच ओळखीतले एक वयस्क गृहस्थ. त्यांनी नजर लागल्याचे निदान केले आणि शनिवारी लिंबू-मिरची बांधायला सांगितली. तिघांचे बोलणे वेगळे वाटते, पण पद्धत एकच. एकानेही प्रश्न विचारला नाही. आवाज केव्हा येतो? थंड असताना की तापल्यावर? उभ्या गाडीत की चढावर? ऑइल शेवटचे कधी बदलले? काही नाही. निकाल आधीच तयार होता. फरक इतकाच की दोघांच्या निकालाची किंमत हजारांत होती आणि तिसऱ्याच्या निकालाची दहा रुपयांत.

केसपुत्त गावी कालामांनी बुद्धाला विचारले होते की इतके गुरू येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, विश्वास कुणावर ठेवायचा? बुद्धाने दिलेल्या उत्तराचा आशय आपल्याला माहीत आहे. परंपरेने सांगितले, ग्रंथात आहे, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावर मानू नका. स्वतः तपासा, अनुभवाला लावून पाहा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी कार्यकारणभावावर जो भर दिला आहे त्याचा अर्थही हाच. घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि ते कारण माणसाला शोधता येते. विहारात हे आपण मान डोलावत ऐकतो. गॅरेजच्या दारात आलो की मात्र "मिस्त्री म्हणतो तर असेल" असे म्हणून खिशात हात घालतो. आम्ही ठरवले की या वेळी धम्म गॅरेजमध्ये न्यायचा.

आमच्यात एक ताई आहे. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड पुरा केला. वर्गात ती एकटी मुलगी होती. तिने पहिले काम सांगितले ते पाना उचलण्याचे नव्हते. तिने शंभर पानी वही काढायला लावली आणि पाच प्रश्न लिहिले. आवाज कोणत्या जातीचा आहे, टिकटिक, ठकठक, चींचीं, घरघर की फटफट? थंड इंजिनात जास्त की गरम? इंजिनाच्या गतीबरोबर वाढतो की गाडीच्या गतीबरोबर? लोड पडल्यावर, म्हणजे चढावर किंवा गाडी भरलेली असताना बदलतो का? आणि काय केल्यावर थांबतो?

यातला तिसरा प्रश्न फार कामाचा आहे. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये रेस द्यायची. आवाज आला तर दोष इंजिनात किंवा इंजिनावर लटकलेल्या भागांत. उभ्या गाडीत येत नाही, चालत्या गाडीतच येतो आणि वेगाबरोबर वाढतो, तर चाकाचे बेअरिंग, किंवा ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासायचा. या एका प्रश्नाने अर्धी गाडी संशयातून सुटते. निरपराधाला आधी सोडून देणे हाही तपासाचाच भाग आहे.

आता आवाजांची ओळख. हे ज्ञान कुणाच्या मालकीचे नाही, म्हणून सविस्तर देतो.

सकाळी गाडी सुरू केल्यावर, किंवा हेडलाइट लावताच चींचीं आवाज आला तर तो बहुधा बेल्टचा. पट्टा सैल झालेला असतो किंवा सुकून कडक झालेला असतो. लाइट लावल्या की अल्टरनेटरवर भार वाढतो आणि पट्टा पुलीवर घसरतो. आवाज येत असताना लांबून पट्ट्यावर थोडे पाणी शिंपडायचे. आवाज लगेच बदलला तर चोर सापडला. पट्ट्याला चिरा असतील तर नवा घालायचा, नसतील तर ताण नीट करायचा.

सतत घरघर येत असेल तर वॉटर पंप किंवा अल्टरनेटरचे बेअरिंग. गाडी थंड असताना पट्टा काढायचा आणि इंजिन अर्धा मिनिट चालवायचे. त्याहून जास्त नाही, कारण पट्टा नसताना पाणी फिरत नाही. घरघर गेली तर दोष पट्ट्यावर चालणाऱ्या भागांत आहे. मग एकेक पुली हाताने फिरवून, हलवून पाहायची. खरखर लागेल किंवा पुली डुगडुगेल तो भाग बदलायचा.

इंजिनाच्या वरच्या भागातून शिलाई मशीनसारखी टिकटिक येते ती टॅपेटची. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात केसाएवढी फट ठेवलेली असते. झिजून किंवा नट ढिला होऊन ती वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो. ऑइल कमी असले तरी असाच आवाज येतो, म्हणून ऑइलची पट्टी आधी पाहायची. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी.

इंजिनाच्या खालच्या भागातून, ऑइल चेंबरच्या बाजूने, जड हातोडा मारल्यासारखी ठकठक येत असेल आणि लोड पडल्यावर वाढत असेल तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले असण्याचा संभव असतो. हा खरा गंभीर आजार.

चढावर भरलेली गाडी ओढताना खणखण, जणू डब्यात खडे हलवल्यासारखे वाजले तर पेट्रोल चुकीच्या क्षणी पेट घेते आहे. इग्निशनचे टायमिंग, आत साचलेला कार्बन किंवा खराब पेट्रोल, यांपैकी काही तरी. गाडी सुरू-बंद करताना धप्प असा धक्का बसला तर इंजिन ज्या रबरांवर बसते ते माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये 'फाउंडेशन' म्हणतात, ते तुटलेले असते. आणि फटफट किंवा फुसफुस आली तर धूर सायलेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच कुठून तरी निसटतो आहे.

आता आमच्या गाडीचा तपास. वहीत नोंद झाली : उभ्या गाडीत येतो, इंजिनाच्या गतीबरोबर वाढतो, थंड-गरम दोन्ही वेळा येतो, लोड पडल्यावर विशेष बदलत नाही. ऑइल पातळीत होते. पट्टा काढला, आवाज कायम. म्हणजे वॉटर पंप आणि अल्टरनेटर सुटले.

मग एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचे टोक इंजिनाच्या एकेका भागावर टेकवायचे आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप जे काम करतो तेच हे. एक सूचना महत्त्वाची : चालत्या इंजिनाजवळ जाताना गळ्यातला निळा गमछा, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, काही लोंबकळता कामा नये. पट्टा माणूस ओळखत नाही. टॅपेट कव्हरवर आवाज ठणठणीत आला. चेंबरवर अगदी पुसट.

चौथी परीक्षा अशी. इंजिन बंद करून एका सिलिंडरची प्लगची वायर काढायची, ती लोंबती न ठेवता नीट अर्थ करायची, आणि इंजिन काही सेकंद चालवून ऐकायचे. मग बंद करून वायर जागेवर, आणि पुढचा सिलिंडर. ज्या सिलिंडरचे बेअरिंग गेले असेल त्याचा स्फोट थांबला की त्या बेअरिंगवरचा भार जातो आणि ठकठक स्पष्ट कमी होते. ओम्नीला तीन सिलिंडर. तिन्ही वेळा आमची खटखट जशीच्या तशी राहिली.

शेवटी हिशेब केला. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन स्लोमध्ये मिनिटाला नऊशे फेरे घेत असेल तर क्रँकचे सेकंदाला पंधरा फेरे होतात आणि कॅमचे साडेसात. सैल बेअरिंग प्रत्येक फेऱ्याला ठोकेल, एकच सैल टॅपेट त्याच्या निम्म्या वेळा. ठोके मोजता आले नाहीत तरी ताल कानाला कळतो, आणि आमच्या गाडीचा ताल संथ होता. चारही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते. हाफ इंजिनची गरज नव्हती. तिघांपैकी एकाचाही निकाल पुराव्यापुढे टिकला नाही.

टॅपेट उघडायला आम्ही गावातल्या एका जुन्या मिस्त्रींच्या अंगणात गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी वही उलटसुलट वाचली आणि म्हणाले, "इतकं लिहून कुणी आणत नाही माझ्याकडं. आणा, उघडू." इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने फिरवणे सोपे जाते. टॅपेट कव्हर काढले. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. पाना लावून इंजिन हळूहळू फिरवायचे. एका सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आला की त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि रॉकर हाताला किंचित सैल लागतात. त्या क्षणी फटीत फिलर गेजची पाती घालायची. किती जाडीची, ते कंपनीच्या पुस्तकात इंजिनाप्रमाणे दिलेले असते. पाती लोण्यातून सुरी जावी तशी गेली तर फट मोठी, शिरलीच नाही तर लहान. किंचित अडत, ओढ लागत सरकली की बरोबर. लॉकनट ढिला करून स्क्रू फिरवायचा, फट जमली की स्क्रू जागेवर धरून नट आवळायचा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजायचे, कारण आवळताना फट हलते. आमच्या दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा लॉकनट ढिला निघाला. पाती तिथे भसकन आत गेली.

हे चालू असताना ताईने विचारले, "चाचा, तुम्ही हे कधी शिकलात?" ते हसले. "बारा वर्षांचा होतो तेव्हा उस्तादाकडं लागलो, बेटा. पाच वर्षं नट धुतले. टॅपेट सेट करायची वेळ आली की उस्ताद म्हणायचा, जा, चहा घेऊन ये. चहा घेऊन यायचो तोवर कव्हर बंद. पाना द्यायचा, पण ती पाती कधी हातात दिली नाही."

मित्रहो, या एका वाक्यासाठी हा लेख लिहिला. पाना द्यायचा, पण पाती द्यायची नाही. आवळायला लावायचे, पण किती आवळायचे आणि का, ते सांगायचे नाही. उस्तादाला दोष देऊन उपयोग नाही, त्यालाही कुणी तरी असेच चहाला पाठवले असेल. पण ज्या समाजाने ज्ञानाला कुंपण घालणे हाच धर्म मानला, त्या समाजातली ही रीत आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' लिहिताना दाखवून दिले की जात कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि वर-खाली रचते. त्या रचनेत श्रम खाली ढकलले जातात आणि निदान वर ठेवले जाते. हात आपले आणि निर्णय दुसऱ्याचा.

इतिहासात याचे पुरावे ढीगभर आहेत. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर तुटलेला धागा जोडताना तोंड लावावे लागते, म्हणून विटाळ. यंत्र इंग्लंडहून आलेले, मालक नफ्याचा भुकेला, तरीही जात यंत्राच्या आधी खात्यात जाऊन बसली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी हेच दुखणे मांडले. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरची जागासुद्धा त्याला मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरातली कामेही करावी लागतात आणि तिथे शिवाशिव आड येते. रुळावर हातोडा चालवायला तो चालत होता, घराच्या उंबऱ्याला चालत नव्हता.

म्हणूनच जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते हाती आल्यावर बाबासाहेब नुसत्या नोकऱ्यांवर थांबले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉयपुढे अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन ठेवले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. आपल्या पोरांनी कारखान्यात जायचे ते नुसता पाना घेऊन नाही, पाती घेऊन जायचे, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आपल्याच घरातून येतो. "आमच्या बापजाद्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, गावकी सोडली, हात काळे करायचे सोडले. बाबासाहेबांनी हातात पेन दिला आणि तुम्ही पुन्हा पाना देता?" आक्षेपामागची जखम खरी आहे, त्यामुळे उत्तर नीट द्यायला हवे. १९२७ मध्ये महाडला आणि पुढे महार वतनाच्या लढ्यात बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ते जन्माने लादलेले काम होते. ज्याला नाही म्हणता येत नाही, ज्याची मजुरी मागता येत नाही, ज्यातून वर जाता येत नाही, असे काम. श्रमाचा तिरस्कार त्यात कुठेच नव्हता. हात काळे होण्याची लाज हा तर ब्राह्मणी संस्कार आहे. पांढऱ्या शर्टाबरोबर तोच संस्कार आपण घरात आणला, तर गाव सोडून काय मिळवले? आपल्या इच्छेने शिकलेले, कारण समजून केलेले, योग्य दाम घेऊन केलेले काम गुलामी नसते. पेन आणि पाना एकाच हातात येणे, याची तर या व्यवस्थेला भीती वाटते. आमच्या अंगणात ताईच्या एका हातात पाना होता आणि दुसऱ्या हातात वही.

टॅपेट बसले, खटखट गेली. पण आता मागे दडलेला दुसरा आवाज ऐकू येऊ लागला. थंड गाडीला रेस दिली की बारीक फटफट, तापल्यावर जवळजवळ बंद. हे लक्षण एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटचे. धातू तापून फुगतो आणि फट स्वतःच मिटते, म्हणून गरम गाडीत दोष लपतो. बॅटरी लावून पाहिले तर जोडावर काजळीचा काळा पट्टा. ओम्नीत हा दोष अंगावर काढण्यासारखा नाही. इंजिन सीटखाली, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, काचा बंद करून झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. डोके जड होणे, मळमळ, अशी लक्षणे प्रवासात अनेकांना एकदम जाणवली तर गाडी लागली असे म्हणून सोडू नका. काचा उघडा, खाली उतरा. गॅस्केट बदलले, नट एका बाजूने न आवळता मधून बाहेर, थोडे थोडे करून समान आवळले. दोन्ही कामे, पॅकिंग, ऑइल, फिल्टर, सगळे मिळून वर्गणीतले दीड हजारही गेले नाहीत. चाचांनी मजुरी घ्यायला नकार दिला, आम्ही ती दिली. श्रमाचे दाम चुकवणारी चळवळ आम्हाला नको.

इथे आणखी एक सांगायला हवे. आवाज घालवण्याचे दोन मार्ग असतात. एक, कारण दूर करणे. दुसरा, आवाज दाबणे. जुन्या गाड्या विकणारे काही जण इंजिनात जाड ऑइल ओततात. चार दिवस ठकठक मऊ होते, गिऱ्हाईक गाडी घेऊन जाते, आणि पाचव्या दिवशी बेअरिंग बोलू लागते. काही जण नुसता टेप मोठा करतात. आपल्या समाजाचेही तेच चालते. वस्तीतून तक्रारीचा आवाज आला की "जातीयवाद कशाला काढता" म्हणून त्याच्यावर जाड ऑइल ओतले जाते. आणि आपल्या चळवळीतही, तरुण पोरांनी हिशेबाचा प्रश्न विचारला की स्पीकरचा आवाज वाढतो. आवाज करणारा भाग गाडीचा शत्रू नसतो. काय बिघडले आहे हे तोच सांगत असतो.

उलट, जो दोष आवाजच करत नाही त्याची धास्ती जास्त. ओम्नीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो रबरी पट्टा बहुतेक वेळा काहीही न कुरकुरता झिजतो आणि एके दिवशी रस्त्यातच तुटतो. त्याची वाट पाहायची नसते, पुस्तकात दिलेल्या किलोमीटरवर तो बदलायचाच असतो. तेव्हा गाडी शांत आहे म्हणजे ठीक आहे असे नाही. 'आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदाने राहतात' असे सांगितले जाते त्या गावातल्या शांततेचीही अशीच तपासणी करायला हवी.

आणि मर्यादाही ओळखायला हवी. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत पेटला किंवा खालून जड ठकठक सुरू झाली तर तिथेच इंजिन बंद करायचे, 'पुढच्या गावापर्यंत नेऊ' म्हणायचे नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही, स्टँड लावायचे, चाकांना दगड लावायचे. इंजिन खरेच खोलायची वेळ आली तर ते जाणत्या मिस्त्रीचेच काम. निदान शिकणे म्हणजे मिस्त्रीला हटवणे नव्हे. निदान येणारा माणूस मिस्त्रीशी बरोबरीने बोलतो, आणि प्रामाणिक मिस्त्रीला त्याचा आनंदच होतो.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार यंत्राला द्या. वस्तीत रिक्षा चालवणारे, गॅरेजमध्ये राबणारे, आयटीआय झालेले पोरे-पोरी असतातच, त्यांना त्या दिवशी शिक्षक करा. वंदना झाली की अंगणात एक गाडी उघडा. मुलींना पुढे उभे करा, चहा आणायला पाठवू नका. एक वही ठेवा. कोणता आवाज, केव्हा, काय तपासले, काय निघाले, किती खर्च झाला, सगळे लिहा, आणि वही विहाराच्या कपाटात सगळ्यांसाठी उघडी ठेवा. एका फिलर गेजला पिझ्झ्याच्या पैशांपेक्षा जास्त लागत नाहीत.

बाबासाहेबांनी दिलेल्या शिका, संघटित व्हा, संघर्ष करा या क्रमात शिकणे पहिले आहे, आणि शिकणे फक्त पुस्तकात नसते. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे नट धुणाऱ्या आपल्या प्रत्येक पोराच्या हातात पाती यायला हवी आणि तोंडात 'का?' हा प्रश्न यायला हवा. उद्या तोच प्रश्न तो ग्रामपंचायतीत विचारेल, कारखान्यात विचारेल, आपल्याच पुढाऱ्यांना विचारेल. आमची वही मंडळाच्या कपाटात आहे. येऊन वाचा, उतरवून घ्या, आणि तुमच्या गाडीचे जे निघेल ते तिच्यात लिहा.

जयभीम!